मोहल्ल्याचा पडदा फक्त पुरुषांचा?

पुण्यात मी राहतो त्या भागातल्या काही तरुणांनी गेल्या वर्षी एक चांगले काम सुरू केले. महिन्यातल्या एका रविवारी शादीखान्याचा हॉल घ्यायचा, भाड्याचा प्रोजेक्टर लावायचा आणि मोहल्ल्यासाठी सिनेमा दाखवायचा. तिकीट नाही, चहा फुकट, खर्च वर्गणीतून. मी पहिल्या महिन्यापासून वर्गणी देतो आणि पुढेही देणार आहे. म्हणून या उपक्रमाबद्दल स्पष्ट बोलणे माझे कामच आहे.

आतापर्यंत तीन सिनेमे झाले. मुस्तफा अक्काद यांचा १९७६ चा ‘द मेसेज’, त्यांचाच ‘लायन ऑफ द डेझर्ट’, ज्याला आपल्याकडे सगळे ‘उमर मुख्तार’ म्हणतात, आणि ‘चक दे! इंडिया’. तिन्ही चांगले. तिन्ही वेळा हॉल भरला. आणि तिन्ही वेळा हॉलमध्ये एकही बाई नव्हती. पत्रकावर मात्र दर वेळी छापलेले असते : ‘मोहल्ल्यातील सर्वांना आग्रहाचे निमंत्रण’.

या ‘सर्वांना’ शब्दाशी माझे भांडण आहे.

‘द मेसेज’मध्ये हजरत सुमय्या यांची शहादत आहे. इस्लामसाठी पहिला जीव देणारी व्यक्ती स्त्री होती, ही गोष्ट आम्ही पुरुषांनी डोळे पुसत पाहिली. ‘चक दे’ तर सगळा मुलींच्या हॉकी संघाचा सिनेमा. गद्दार ठरवलेल्या कबीर खानची इज्जत त्या मुली परत मिळवून देतात. आम्ही टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. त्याच वेळी आमच्या बहिणी दोन गल्ल्या पलीकडे घरात होत्या. मुलींच्या जिंकण्याचा आनंद मुलींना वगळून साजरा करणाऱ्या आम्हाला त्यात काही खटकले नाही, हेच मला खटकते.

चौथ्या सिनेमासाठी नावे मागवली, तेव्हा मी चार सुचवली. एम. एस. सथ्यू यांचा ‘गर्म हवा’. सईद अख्तर मिर्झा यांचा ‘नसीम’, ज्यात १९९२ च्या मुंबईतली एक शाळकरी मुलगी आणि तिचे आजोबा आहेत. ते आजोबा कैफी आझमींनी उभे केले आहेत. फैजा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट. आणि ‘हलाल’. राजन खान यांच्या कथेवर शिवाजी लोटन पाटील यांनी केलेला हा मराठी सिनेमा ऑक्टोबर २०१७ मध्ये लागला, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने तत्काळ तीन तलाक रद्द ठरवल्यानंतर दोनच महिन्यांनी. खेड्यातले मराठी बोलणारे मुसलमान पडद्याच्या मध्यभागी आहेत असे मराठी सिनेमे किती? बोटावर मोजण्याइतके. त्यातलाच हा एक. सोबत मी एक अट घातली : सिनेमा कोणताही लावा, बायकांना बोलवा.

समितीने यादी आणि अट दोन्ही बाजूला ठेवली. कारणे तीन दिली. ती आपल्या प्रत्येक शहरात ऐकायला मिळतात, म्हणून एकेक तपासून पाहू.

पहिले कारण : पडद्याचा प्रश्न आहे, स्त्री-पुरुष एका हॉलमध्ये कसे बसणार? भावांनो, याच शादीखान्यात लग्नाच्या दिवशी चारशे बायका येतात. मध्ये कनात लागते, दोन दारे वापरली जातात, जेवणाच्या पंगती वेगळ्या बसतात. बिर्याणीसाठी जी सोय तासाभरात होते, ती सिनेमासाठी का होत नाही? उरुसात तंबूची टॉकीज यायची, तेव्हा एका बाजूला पुरुष आणि एका बाजूला बायका बसायच्या. आपल्या आज्या-नान्यांनी असेच सिनेमे पाहिले. मशिदीचेच उदाहरण घ्या. स्त्रियांना मशिदीत प्रवेश मिळावा म्हणून २०१९ साली पुण्यातलेच एक दांपत्य सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यावर ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने २०२० मध्ये प्रतिज्ञापत्र दिले की स्त्रियांना नमाजासाठी मशिदीत यायला मनाई नाही. ज्या गोष्टीला मशिदीत मनाई नाही असे बोर्ड सांगते, तिला शादीखान्यात मनाई करणारे आपण कोण?

दुसरे कारण : सध्या वातावरण खराब आहे, आपल्या घरातली भांडणे पडद्यावर कशाला? वातावरण खराब आहे, हे मला कोणी समजावून सांगायला नको. पण हे कारण नवे नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधानसभेवर नेला. त्या सातजणींनाही हेच ऐकवले गेले की ही वेळ नव्हे. साठ वर्षांत ती वेळ आलेली नाही. ‘गर्म हवा’ सेन्सॉरकडे महिनोन्‌महिने अडकला, तोही वातावरण बिघडेल या भीतीने. शेवटी तो लागला आणि त्यालाच राष्ट्रीय एकात्मतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ च्या एस. रंगराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की निदर्शनांच्या धमकीपुढे झुकून मंजूर झालेला सिनेमा रोखता येत नाही. सरकारला जी सबब चालत नाही, ती आपण आपल्याच मोहल्ल्यात, आपल्याच बहिणींविरुद्ध वापरतो आहोत.

याच ठिकाणी मला सर्वांत जास्त राग येतो. मे २०२३ मध्ये ‘द केरला स्टोरी’ आला, तेव्हा आपण सगळे संतापलो. संताप बरोबरच होता. ३२,००० हा आकडा जाहिरातीत फिरवला गेला आणि त्याला विश्वासार्ह आधार नाही, अशी सूचना सिनेमात घालायला निर्मात्यांना सर्वोच्च न्यायालयात कबूल व्हावे लागले. ‘हमारे बारह’च्या वेळी २०२४ मध्ये पुन्हा कोर्टकचेऱ्या झाल्या, काटछाट झाली आणि सिनेमा लागला. दोन्ही वेळा आपले म्हणणे एकच होते : मुस्लिम स्त्रीबद्दल खोटे दाखवले जाते आहे, तिच्या नावाने दुसरेच कोणी बोलते आहे. मग खरे काय, हे सांगणार कोण? ती स्त्री. ती कुठे आहे? घरात. तिला हॉलमध्ये खुर्ची न देणारा पुरुष जेव्हा तिच्या वतीने निषेधाचे पत्रक काढतो, तेव्हा तोही तिच्या नावाने परस्पर बोलणाराच असतो. ‘केरला स्टोरी’ला खरे उत्तर द्यायचे असेल, तर आपल्या मुलींनी सिनेमा पाहून चारचौघांत उभे राहून बोलले पाहिजे. ‘हलाल’ पाहूनही बोलले पाहिजे. कदाचित त्या म्हणतील की ‘हलाल’मधली बाई आमच्यासारखी नाही. कदाचित म्हणतील, तंतोतंत आमच्यासारखी आहे. ते ऐकायची तयारी आहे का, हा प्रश्न आहे. मला वाटते, कनातीपेक्षा आपल्याला याचीच भीती जास्त आहे.

तिसरे कारण सर्वांत साळसूद : आता प्रत्येकीच्या हातात मोबाइल आहे, हवे ते घरी पाहावे. मी सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, तेव्हा मोबाइलवरची यादी कशी तयार होते ते सांगतो. तुम्ही आधी काय पाहिले आणि तुमच्यासारख्या इतरांनी काय पाहिले, यावरून पुढचे काय दाखवायचे ते ठरते. ज्या घरात कोणी कधी ‘नसीम’ पाहिलाच नाही, तिथे तो वर येण्याची शक्यता फार कमी. आणि आला, तरी तो कानात इयरफोन घालून, स्वयंपाक आणि सासूची हाक यांच्या मधल्या वीस मिनिटांत पाहायचा. त्याच्यावर बोलायचे कोणाशी? सिनेमा एकटीने पाहता येतो, मत मात्र चर्चेत घडते. पुरुषांना हॉल, चहा आणि चर्चा; बायकांना सहा इंचाचा पडदा. ही वाटणी कोणत्या न्यायाने?

मालेगावच्या माहितीपटाचा आग्रह मी यासाठीच धरला होता. पॉवरलूमवर राबणारी माणसे शुक्रवारच्या सुट्टीत सिनेमा पाहतात आणि मग हौसेने स्वतः सिनेमा बनवतात, याचे आपल्याला कौतुक आहे. असायलाच हवे. मागच्या वर्षी त्यावर ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा हिंदी सिनेमाही आला. पण गावातली मुलगी कॅमेऱ्यापुढे येत नाही, म्हणून नायिका बाहेरून आणावी लागते, हेही त्या माहितीपटात दिसते. आणि ही सगळी गोष्ट जगापुढे नेली ती फैजा अहमद खान या दिग्दर्शिकेने. बाईने कॅमेरा हातात घेतला, म्हणून मालेगावच्या पुरुषांची ओळख झाली.

सिनेमा आणि मुस्लिम स्त्री यांचे नाते कोणी परक्याने आपल्यावर लादलेले नाही. भारतातल्या पहिल्या स्त्री-दिग्दर्शक फातमा बेगम. त्यांचा ‘बुलबुल-ए-परिस्तान’ १९२६ चा. त्यांची मुलगी जुबेदा १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत लागलेल्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची नायिका. शंभर वर्षांपूर्वी मुस्लिम बाई मुंबईत सिनेमा बनवत होती. आज तिच्या पणतीच्या वयाच्या मुलीला तो पाहायला खुर्ची नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत, आणि त्या फक्त माझ्या मोहल्ल्यापुरत्या नाहीत. सिनेमा निवडणाऱ्या समितीत निम्म्या स्त्रिया हव्यात. निम्म्या खुर्च्या त्यांच्या. आणि मागच्या कोपऱ्यातल्या नकोत. कनात हवी की नको, ते बसणाऱ्या बायका ठरवतील. वेळ दुपारी तीनची ठेवा, म्हणजे अंधारापूर्वी घरी जाता येईल. लहान मुलांना सांभाळायचे काम त्या दिवशी दोन-चार पुरुषांनी करावे. हक्कधारकाची लेखी परवानगी घ्या, म्हणजे कोणाला तक्रारीला जागा राहणार नाही. सिनेमा संपल्यावर अर्धा तास चर्चा ठेवा आणि पहिला माईक बायकांकडे द्या. आणि ‘हलाल’ दाखवा.

तरुण मित्रांनो, यासाठी कोणत्याही ठरावाची वाट पाहू नका. तुमच्या गावात, तुमच्या मोहल्ल्यात पुढच्या वेळी पडदा लागेल तेव्हा बहिणीला, आईला, बायकोला सोबत घेऊन जा. दारात कोणी अडवले, तर कारण मोठ्याने विचारा आणि सगळ्यांना ऐकू द्या. आणि बहिणींनो, कोणी नेण्याची वाट तरी कशाला पाहता? पत्रकावर ‘सर्वांना’ असे छापलेले आहे. त्या शब्दाचा अर्थ तुम्ही हॉलमध्ये जाऊन बसल्याशिवाय कोणाला कळणार नाही.