चर बुजवल्यानंतर

रस्त्याचे काम निघाले आणि जेसीबीच्या दातात फायबर सापडले, ही मराठवाड्यात आता बातमी राहिलेली नाही. ग्रामपंचायतीतल्या डब्यावर लाल दिवा लुकलुकत राहतो आणि पीकविम्याचे कागद घेऊन आलेली माणसे सेवा केंद्रचालकाच्या मोबाइलला जिथे रेंज येते त्या खिडकीशी गोळा होतात.

तारेचा नाद सोडा, टॉवर उभारा, हा सल्ला सोपा आहे आणि चुकीचाही. लातूरच्या शिकवणीवर्गांच्या वस्तीत रात्री सगळी पोरे एकदम व्हिडिओ उघडतात, तेव्हा टॉवरची ताकद सगळ्यांत वाटली जाते. शिवाय चांगला वेग देणारा टॉवर स्वतःच बहुधा फायबरवर पोसलेला असतो. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही, त्यामुळे वळवाच्या विजांचे भय तांब्याइतके नाही. पण तोटाही त्यातच आहे. जुन्या लँडलाइनला एक्स्चेंजच्या बॅटरीतून तारेवाटेच ४८ व्होल्ट मिळत. गावची लाइट गेली तरी फोन वाजे. फायबरच्या डब्याला मात्र जागेवरची वीज लागते. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट पाहिलेल्या भागाने एकट्या तारेवर भिस्त ठेवू नये, हे खरेच.

मूळ दुखणे रचनेत आहे. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे ‘भारतनेट’ झालेल्या योजनेत तालुक्याहून गावांकडे तार बहुतेक सरळ रेषेत गेली. मध्ये तुटली की पलीकडची सगळी गावे बंद. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुमारे १ लाख ३९ हजार कोटींच्या सुधारित आराखड्यात वर्तुळाकार जाळे आहे; एका बाजूने तुटले तरी दुसऱ्या बाजूने चालावे. पण खर्च वाचवायला दोन्ही बाजू एकाच चरातून नेल्या, तर वर्तुळ नकाशापुरतेच उरेल. नांदेड जिल्ह्यातल्या किनवट-माहूरच्या डोंगरात हा मोह अधिकच होणार.

खोदण्याआधी केबलमालकाला कळवण्यासाठी मार्च २०२३ मध्ये केंद्राने अ‍ॅपही आणले. अ‍ॅपने जेसीबी थांबत नाही, देयक अडले की थांबतो. लातूर आणि नांदेडच्या जिल्हाधिकाऱ्यांनी खोदकामाच्या परवानगीतच ही पूर्वसूचना सक्तीची करावी, आणि तुटलेल्या तारेचा जोड होऊन गाव पुन्हा चालू झाल्याशिवाय ठेकेदाराचे बिल काढू नये.