कोकणच्या प्राचीन बंदरांच्या संशोधनाबाबत मागणीपत्र



सोपारा, कल्याण आणि चौल ही बंदरे पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गपुस्तिकेत आहेत. या गावांतल्या लोकांनी कान्हेरीच्या लेण्यांना दिलेली दाने तिथल्या शिलालेखांत कोरलेली आहेत. १४६९ मध्ये रशियाचा व्यापारी अफानासी निकितिन भारतात उतरला तो चौललाच. या जवळपास दीड हजार वर्षांच्या सागरी व्यापाराचा पुरावा खाजणांत आणि खाडीच्या गाळात आहे, आणि तो दरवर्षी कमी होत आहे. त्याच्या पाहणीच्या व उत्खननाच्या परवानगीसाठी आमच्या सभासदांनी केलेले अर्ज आपल्याकडे पडून आहेत. त्यांवर निर्णय हवा.

खाडीकाठची पाहणी पावसाळ्यात होत नाही. ती होते ऑक्टोबर ते मे, तीही अमावस्या-पौर्णिमेच्या ओहोटीला, आणि हाती येतात जेमतेम तीन तास. परवानगीचे पत्र मेअखेरीस मिळाले की वर्ष गेले. हे वारंवार घडले आहे. म्हणून ३१ मेपर्यंतच्या अर्जांवर ३० सप्टेंबरपर्यंत लेखी निर्णय द्यावा. नकार असल्यास कारण द्यावे. उत्खनन नसेल तर ३० दिवस पुरेसे आहेत.

कोळंबीच्या तळ्यासाठी जेसीबी लागला की मातीबरोबर खापरे वर येतात. चौलला आमच्या सभासदाने उचललेल्या एका तुकड्यावर इराणी आखाताकडची निळी-हिरवी झिलई होती. त्याची एक कड ताजी तुटलेली, पांढुरकी होती. बाकीचे भांडे नुकतेच भरावात गेले होते. तो तुकडा कोणत्या थरातला, हे आता कोणीही सांगू शकणार नाही. आमची मागणी अशी, की तिन्ही बंदरांचे गट क्रमांकांसह नकाशे सहा महिन्यांत तयार करावेत. त्या गटांत दीड मीटरहून खोल खोदण्याआधी तलाठ्याकडे नोंद आणि पुरातत्त्वज्ञाची पाहणी व्हावी. सात दिवसांत पाहणी न झाल्यास मालकाचे काम अडवू नये. अडवलेला शेतकरी पुढच्या वेळी खापर दाखवत नाही, खाडीत टाकतो.

प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात जीपचे भाडे मंजूर होते, होडीचे होत नाही. होडीभाडे आणि डिझेल यांसाठी स्वतंत्र शीर्ष हवे. तळाशी जाळे कुठे अडकते हे सांगणाऱ्या तांडेलाला कुशल कामगाराचा दर मिळावा आणि अहवालात त्याचे नाव यावे.

चिंचणीच्या ९२६ च्या ताम्रपटावरून कळते, की राष्ट्रकूटांसाठी संजाणचा कारभार एक अरब पाहत होता. हे हाती आले, कारण ताम्रपट वाचणारा माणूस होता. असे वाचणारे पुढेही मिळावेत म्हणून अरबी, फारसी, पोर्तुगीज आणि मोडी शिकणाऱ्या दहा संशोधकांना तीन वर्षांची वृत्ती द्यावी, आणि सरकारी संग्रहांतल्या ताम्रपटांची छायाचित्रे विनाशुल्क खुली करावीत.

वृत्ती, नकाशे आणि होडीभाडे सोडले तर यात मोठा नवा खर्च नाही. नवे पद तर एकही नाही. चर्चेला आमचे तीन प्रतिनिधी नकाशे घेऊन येतील. बैठक ३० दिवसांत व्हावी आणि तिचे इतिवृत्त दोन्ही बाजूंच्या सह्यांनी व्हावे.