वॉलरसचे सुळे कशासाठी?

शिक्षक मित्रांनो, प्राण्यांचे अवयव शिकवताना वॉलरसचं चित्र आलं की आपण पटकन सांगून मोकळे होतो : सुळ्यांनी समुद्राचा तळ उकरतो आणि शिंपले खातो. मुलं लिहून घेतात, गुणही मिळतात. पण हे बरोबर नाही.

वॉलरस अन्न शोधतो ते मिशांनी. ४०० ते ७०० राठ मिशा असतात त्याला. शिंपला सापडला की तो ओठांत घट्ट धरायचा आणि पिचकारीचा दट्टा ओढावा तशी जीभ मागे ओढायची. मऊ जीव तोंडात, कवच तळावर. आपण रायवळ आंबा चोखतो ना, तसंच काहीसं. सुळे कामाला येतात ते बर्फावर चढताना आणि एकमेकांना धाक दाखवताना.

माझं म्हणणं असं, की नुसतं वाक्य दुरुस्त करून भागणार नाही. 'गरज पडली म्हणून अवयव आला' ही समजूत प्राथमिकलाच घट्ट बसते. दहावीला उत्क्रांती शिकवणाऱ्यांना ती खोडता खोडता नाकी नऊ येतात. तिच्यावर वॉलरसचे जीवाश्म नातेवाईक फार चांगला उतारा आहेत.

या कुळात आज एकच जात उरली आहे. पूर्वीच्या २० च्या आसपास जाती जीवाश्मांतून कळल्या आहेत. सुरुवातीचे वॉलरस मासे पकडून खाणारे, लांब सुळे नसलेले. २०१८ साली नाव मिळालेला कॅलिफोर्नियातला टायटनोटारिया अंगाने चांगला मोठा, तरी त्याला सुळे नाहीतच! तिथल्याच गोम्फोटारियाला वर दोन, खाली दोन असे चार. त्याचे दात इतके झिजलेले-तुटलेले, की तो कवचं फोडून खात असावा असं अभ्यासकांना वाटतं. आणि व्हॅलेनिक्टस? सुळे सोडले तर तोंडात एकही दात नाही. चोखून खाणाऱ्याचे दात गेले तरी तो उपाशी राहत नाही, एवढंच. चोखणारा हे कळतं तोंडाच्या छतावरून, तिथलं हाड घुमटासारखं खोलगट असतं.

म्हणजे सुळ्यांची गोष्ट वेगळी, खाण्याची वेगळी. दोन्ही सरळ रेषेत चालत नाहीत.

ही चार तोंडं फळ्यावर काढा आणि कोण काय खात असेल ते मुलांनाच ओळखू द्या. एवढी अवघड नावं कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण वर्गात डायनासोरची नावं विचारून बघा, तोंडपाठ असतात त्यांना!