कथेच्या माथ्यावरची पाटी

फॅनफिक्शन, म्हणजे आवडत्या मालिका-पुस्तकांतल्या पात्रांवर चाहत्यांनी रचलेल्या कथा, लिहिणारे कथा सुरू होण्याआधीच बरंच सांगून टाकतात. कोणाची जोडी आहे, हिंसा आहे का, मुख्य पात्र मरतं का. यात रसभंग होतो, ही तक्रार मला पटत नाही. वाचकाला शहाणा माणूस मानण्याची ही रीत आहे.

कोणा संपादकाने ती घालून दिलेली नाही. १९७०च्या दशकात 'स्टार ट्रेक' मालिकेच्या चाहत्यांच्या हौशी अंकांत त्यातल्या कर्क आणि स्पॉक या नावांमध्ये तिरकी रेघ दिसली, की इथे दोघांचं प्रेम आहे हे वाचणाऱ्याला कळे. त्या रेघेवरूनच या कथांना 'स्लॅश' म्हणू लागले. २००९मध्ये खुल्या झालेल्या 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या फॅनफिक्शनच्या ऑनलाइन संग्रहात आजही दोन नावांमधली रेघ प्रेम सांगते, तर 'अँड'चं चिन्ह मैत्री किंवा घरचं नातं.

इथे लेखक कथेला आपल्या शब्दांत टॅग, म्हणजे ओळखचिठ्ठ्या, लावतो. काही जण इतके लावतात की कथेआधीच दमायला होतं. पण मागे 'टॅग रँगलर' नावाचे स्वयंसेवक बसलेले असतात. लेखकाच्या शब्दाला हात न लावता ते एका अर्थाचे वेगवेगळे टॅग एकमेकांशी जोडतात, म्हणून शोधणाऱ्याला हवी ती कथा सापडते. बिनपैशाचं हे काम ग्रंथपालाच्या तोडीचं आहे.

तीव्र हिंसा, मुख्य पात्राचा मृत्यू, बलात्कार आणि अल्पवयीनांचे लैंगिक संबंध यांसाठी ठरलेले इशारे आहेत. धक्का राखून ठेवायचा असेल, तर 'मी इशारा देणार नाही' असाही पर्याय लेखकाला आहे. मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. रहस्य टिकतं आणि वाचक जोखीम ओळखून आत शिरतो. 'फॅनफिक्शन डॉट नेट' या संकेतस्थळाने २००२मध्ये केवळ प्रौढांसाठीच्या कथांवर सरसकट बंदी घातली होती. पाटी लावणं आणि दार बंद करणं यांतला फरक तिथे उघड दिसतो.

ही रीत मराठी कादंबरीनेही घ्यावी. तिच्या मलपृष्ठावर स्तुती भरपूर असते. आत लैंगिक अत्याचाराचं तपशीलवार वर्णन असेल, तर तिथेच एक ओळ त्याचीही छापावी. ज्या लेखकाला ती नको असेल, त्याने इशारा देणार नसल्याचं तरी छापावं.