दंतासुराच्या हातात तलवार कशाला?

ज्या राक्षसाच्या नावातच दात आहे, त्याच्या हातात तलवार कशाला? अंबाजोगाईच्या योगेश्वरीनं ज्याचा वध केला असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, तो दंतासुर. ज्यानं कुणी हे नाव ठेवलं, त्यानं एका शब्दात त्या देहाचं शस्त्र सांगून टाकलं. आजचा चित्रकार काय करतो? माणसाची तलवार घेतो, दुप्पट फुगवतो आणि राक्षसाच्या मुठीत कोंबतो. दात उरतात ओठाबाहेरच्या दोन पांढऱ्या टोकांपुरते. महिषासुराचीही हीच गत. मान रेड्याची, शिंगं रेड्याची, आणि लढायला मात्र म्यानातलं पातं. बिथरलेला रेडा मान खाली घालून धावत येताना ज्यानं एकदा पाहिलाय, तो असलं चित्र काढणार नाही.

मी बीडचा. मुलांसाठी चित्रकथा लिहितो. मागच्या हिवाळ्यात एका प्रकाशनासाठी बालाघाटाच्या डोंगरात राहणाऱ्या एका जमातीची गोष्ट लिहिली. ही जमात माणसांची नाही, घोरपडींची. दोन पायांवर उभी राहणारी, बोलणारी, कड्याच्या कपारीत वस्ती करणारी. चित्रं आली तेव्हा माझं डोकं तडकलं. प्रत्येक घोरपडीच्या डाव्या कमरेला म्यान, म्यानात सरळ तलवार. म्यानाच्या मागे हातभर जाड शेपूट. ती वळली की म्यान शेपटीवर आपटणार. तलवार उपसली तर धरणार कशी? बोटाबोटाला लांब वाकडी नखं. मूठ आवळली की नखं स्वतःच्याच तळव्यात रुतणार. मी पानभर लिहून कळवलं. तिकडून एका ओळीचं उत्तर आलं: काल्पनिकच आहे ना, चालतंय.

माझं भांडण या एका शब्दाशी आहे. चालतंय. चालत नाही. काल्पनिक म्हणजे बेहिशेबी नव्हे. जो प्राणी जगात नाही त्याचं हत्यार घडवताना हिशेब जास्त लागतो, कारण चूक दाखवायला तो प्राणी स्वतः येणार नसतो. त्याच्या वतीनं विचार करणारा एकटा चित्रकारच असतो, आणि त्यानंच अंग काढून घेतलं तर त्या प्राण्याला कुणी वाली नाही.

हत्यार म्हणजे काय, हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. मराठीत हत्यार हा शब्द अवजारालाही चालतो आणि शस्त्रालाही. खंडेनवमीला आमच्या घरात पाटावर कोयते मांडले जायचे, हळदकुंकू वाहिलं जायचं, आणि दसरा-दिवाळी उरकली की तेच कोयते पोत्यात बांधून गाडीत पडायचे. त्याआधी बाजाराच्या दिवशी लोहाराकडे एक फेरी व्हायची. ट्रकच्या कमानीच्या पाट्याचं लोखंड तापवून तो पातं ओढायचा. वडिलांचा कोयता तो न विचारता करायचा. आईच्या वेळी म्हणायचा, ‘आक्का, हात दाव इकडं.’ तिचा पंजा उलटासुलटा करून बघायचा, जुन्या कोयत्याची मूठ कुठं झिजलीय ते चाचपायचा. मग पातं बोटभर आखूड, मूठ बारीक. बाभळीच्या मुठीवर आई जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळायची, घामानं निसटू नये म्हणून. वजन मात्र दोघांच्याही कोयत्यात पुढच्या टोकाकडे, कारण ऊस वाकून, जमिनीलगत, बुडख्यातून तोडायचा असतो. पात्याचं वजन आपसूक खाली जातं आणि मनगटाचा जीव वाचतो. दिवसात हजारो घाव घालायचे असतात. मनगट वाचलं तर माणूस वाचतो.

मुकादमाच्या वहीत नवराबायको मिळून ‘एक कोयता’ असतो. उचल त्या एका कोयत्यावर मिळते. एकटा गडी असला तर ‘अर्धा कोयता’. वहीला दोन देह दिसत नाहीत. लोहाराच्या भट्टीत मात्र कोयते दोन होतात, दोन वजनांचे, दोन मुठींचे, कारण लोहार हात बघतो. घोरपडीच्या कमरेला तलवार लटकवणारे सगळे मला वहीवाले वाटतात. त्यांनी नग मोजले. हात बघितला नाही.

कुणी म्हणेल, माणूस सोडून दुसऱ्या प्राण्यासाठी हत्यार कुणी घडवलंय, त्याचा दाखला कुठून आणायचा? आपल्याच मातीतून आणा. 15व्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलच्या बंदरात उतरला, जुन्नरवरून बिदरला पोहोचला. तेव्हा बीडचा हा मुलूखही बहमनी राज्यातच होता. बहमनी फौजेतल्या हत्तींच्या सोंडेला आणि सुळ्यांना जड तलवारी बांधलेल्या असत, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. सुळ्यावर चढवायची अशी पाती आजही संग्रहालयांत पाहायला मिळतात. त्यांना मूठ नाही. मूठ असेलच कशी, हत्तीला मुठीत धरायला बोटं नाहीत. मुठीच्या जागी खोबण आहे, सुळ्याच्या टोकावर घट्ट बसणारी. हत्ती मान हलवतो तेव्हा त्याच्या मानेचं सगळं बळ त्या पात्यात उतरतं. ज्या कारागिरानं ते घडवलं तो हत्तीजवळ उभा राहिला असणार, त्यानं सुळ्याचा घेर दोरीनं मोजला असणार. लीड्सच्या रॉयल आर्मरीज संग्रहालयात भारतातून गेलेलं हत्तीचं चिलखत आहे. काही भाग हरवूनही ते 118 किलो भरतं. लोखंडी पत्र्यांचे हजारो तुकडे कड्यांनी एकमेकांत ओवले आहेत, कारण हत्तीची कातडी चालताना सगळीकडून हलते आणि एकसंध पत्रा तिथं टिकत नाही. अंबाजोगाईच्या हत्तीखाना लेण्यात दगडी हत्तींच्या सोंडेखाली मी कितीदा बसलो आहे. त्या दगडात हत्तीचं वजन कुठल्या पायावर आहे तेसुद्धा कळतं. कोरणाऱ्यानं हत्ती पाहिला होता.

कोंबड्यांच्या झुंजीत पायाला पातं बांधतात. तो खेळ क्रूर आहे, 1960च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, आणि त्याची मला किळस आहे. तरीही पातं बांधणाऱ्याला कोंबड्याच्या पायाचा काटा कुठं फुटतो, कोंबडा उडी मारून पाय कोणत्या दिशेनं फेकतो, हे ठाऊक असतं. पैजेसाठी जनावर मारणारा माणूसदेखील आधी त्या जनावराचा पाय हातात घेऊन बघतो. मुलांसाठी पुस्तक काढणाऱ्यांना एवढंही करावंसं वाटू नये, ही मला शरमेची गोष्ट वाटते.

उलट दिशेचा व्यवहार तर आपल्या इतिहासात भरलेला आहे. जनावराच्या देहावरून माणसानं शस्त्र घेतलं. 10 नोव्हेंबर 1659 या दिवशी प्रतापगडाखाली अफजलखानाच्या भेटीत वापरलेली वाघनखं आपल्याला शाळेपासून माहीत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं 2024 मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तेव्हा ती तीच की दुसरी यावर केवढा वाद झाला. घडणीवर मात्र फारसं कुणी बोललं नाही. आडवी पट्टी, तिच्या दोन टोकांना बोटं घालायच्या अंगठ्या, तळव्याकडे वळलेली नखं. वाघाचं नख पंजाच्या आत दडतं, हवं तेव्हा बाहेर येतं. माणसाचं नख दडत नाही. म्हणून नखं तळव्यात दडवली आणि मूठ उघडली की बाहेर काढली. वाघाचं नख माणसाच्या हातात आणताना हाताची अट मोडली नाही. माडू या शस्त्राचंही तसंच. काळविटाची दोन शिंगं उलटसुलट टोकांनी जोडायची, मधे धरायला जागा. शिंग सरळ असतं तर ते नुसतं टोचलं असतं. पिळाच्या शिंगात समोरच्याचं पातं अडकतं.

आणि दांडपट्टा. 2024 मध्ये तो महाराष्ट्राचं राज्यशस्त्र झाला, सत्कार झाले, भाषणं झाली. पण पट्ट्याच्या खोबणीत हात गेला की मनगट बंद होतं हे चित्रकारांनी कधी पाहिलं का? कोपरापर्यंत लोखंड, आतली आडवी मूठ, आणि पात्याचं सगळं फिरणं कोपर आणि खांद्यातून. ज्या प्राण्याचं मनगट वळत नाही त्याच्यासाठी यापेक्षा चांगला नमुना दुसरा कुठला? आपल्या घरात तो टांगलेला आहे, आणि आमचे चित्रकार परदेशी गेममधल्या फावड्याएवढ्या तलवारी उतरवून घेतात.

जुन्या माणसांना देह कळत होता याची साक्ष प्रत्येक गावाच्या वेशीवर उभी आहे. आमच्याकडचे जुने मारुती बघा. शेंदराचे थर चढून नाकडोळे बुजले आहेत, तरी उगारलेला उजवा पंजा दिसतो, डोक्यावरून वळलेली शेपटी दिसते, पायाखाली चिरडलेली पनवती दिसते. त्या उगारलेल्या पंजाला चपेटदान मुद्रा म्हणतात. थप्पड. वानराचं शस्त्र त्याचा तळवा, त्याचं शेपूट, त्याची झेप. वाल्मीकींची वानरसेना नखांनी, दातांनी, झाडं उपटून आणि शिळा फेकून लढते. लंकेत राक्षस चालून आले तेव्हा हनुमान तोरणावरचा लोखंडी अडसर उचलतो, म्हणजे हाताला लागेल ते. झाडाच्या फांदीवर वाढलेल्या देहाला हे शोभतं. छापील कॅलेंडरांनी मात्र मारुतीच्या खांद्यावर गदा अशी पक्की बसवली की मुलांना त्याचा उगारलेला हात आशीर्वादाचा वाटतो.

आकाराचं गणित तर सरळ शाळेचं आहे. राक्षस माणसाच्या दुप्पट उंच केला की त्याचं वजन आठपट होतं, कारण लांबी, रुंदी, जाडी तिन्ही वाढतात. स्नायूंचं बळ वाढतं ते त्यांच्या जाडीच्या छेदावर, म्हणजे चारपटच. त्याची तलवारही सगळीकडून दुप्पट केली तर सव्वा किलोची दहा किलो होते. आठपट जड हत्यार, चारपट बळ. असा राक्षस हात वर करीपर्यंत समोरचा माणूस निघून जाईल. त्याला द्यायचं असेल तर आखूड, बोजड, अंगाच्या भारानं चालणारं काहीतरी द्या. ढकलणारं, चिरडणारं, दाबणारं.

आता माझ्या घोरपडी. मी नुसता नावं ठेवणारा नाही, मला त्या कशा लढतील ते माहीत आहे. घोरपड शेपटीचा चाबूक मारते, हे रानात फिरणाऱ्या कुणालाही विचारा. म्हणून पहिलं शस्त्र शेपटीवर. पण टोकाला वजन बांधलं तर मणका उखडेल, म्हणून भार शेपटीच्या मध्यावर आणि धार टोकाकडे. दोन पायांवर उभं राहताना तीच शेपूट तोल धरते, तेव्हा शेपटीचा घाव घातला की तिला पुढचे पंजे जमिनीवर टेकावेच लागणार. त्या क्षणी ती उघडी पडते. शहाणी घोरपड एकटी लढणार नाही. घाव घालणारीच्या बाजूला झाकणारी दुसरी हवी. नखं बीळ खणायला आणि कडा चढायला मोकळी लागतात, म्हणून पातं पट्ट्यासारखं कोपराखालच्या भागावर, मागच्या बाजूला दुमडणारं. पोट खडकाला घासत चढायचं, त्यामुळे ढाल, पिशवी, जे काही असेल ते पाठीवर चपटं. लोखंड? बालाघाट काळ्या पाषाणाचा डोंगर आहे. ओढ्यात गारगोट्या सापडतात. त्यांच्या धारदार चिपा बाभळीच्या लाकडात बसवल्या जातील. लोखंड माणसांकडून घ्यावं लागेल, आणि म्हणून ते घोरपडींच्या वस्तीत लग्नात देण्याची चीज होईल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, थंडी. पौषातल्या पहाटे घोरपड गारठून दगडासारखी पडलेली असते, ऊन चढल्याशिवाय हलत नाही. माणसांना हे कळलं की ते उजाडायच्या आत चालून येणार. तेव्हा त्या जमातीला असं हत्यार लागेल, जे बळ नसताना चालतं: कपारीच्या तोंडाशी रोवलेले बाभळीचे काटेरी खुंट, आणि आतून एका पंजानं सोडता येईल असा तोललेला दगड. माझी गोष्ट त्या पहाटेची होती. त्या पहाटेला तलवार उपसून उभी राहिलेली घोरपड चितारली तर गोष्टच मेली.

मी ती चित्रं आईला दाखवली. आता तिची बोटं पूर्ण मिटत नाहीत. इतक्या हंगामांनी ती तशीच कोयता धरल्यासारखी वाकून राहिली आहेत. तिनं चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि नखांवर बोट ठेवलं. ‘ह्याला मूठ वळत नाय,’ ती म्हणाली, ‘ह्यो धरील कसा?’

पोळ्याच्या आधी आमच्या गावात बैलांची शिंगं साळतात. साळणारा खाली बसतो, बैलाचं डोकं मांडीशी घेतो, शिंगाचा कल बघत विळीनं पापुद्रा काढत जातो. मग रंग, मग टोकाला पितळी शेंब्या. साळणारा शेंबी बसवण्याआधी प्रत्येक शिंग वेगळं मोजतो, कारण एकाच बैलाची दोन शिंगंसुद्धा सारखी नसतात.

प्रकाशनाला मी शब्दांऐवजी एक कागद पाठवला आहे. ओढ्याच्या चिखलात उमटलेला घोरपडीचा ठसा, खऱ्या मापात: पाच बोटं, पाच नखं आणि मधून गेलेली शेपटीची रेघ. आधी हा पंजा काढून आणा, असं त्यावर लिहिलं आहे. तो येईपर्यंत माझ्या गोष्टीचं पुढचं पान त्यांना मिळणार नाही.