आकड्याआधी त्याची ओळख

काही वर्षांपूर्वी, एप्रिलमधल्या एका दुपारी, एका शेतमजुराला आमच्याकडे पाठवण्यात आले. सोबतच्या चिठ्ठीवर एवढेच होते : 'ताप १०१'. आम्ही मलेरिया, डेंग्यूच्या तपासण्यांना रक्त पाठवले. तो असंबद्ध बोलू लागला तेव्हा गुदद्वारातून तापमान घेतले. ते निघाले १०६ अंश फॅरनहाइट. हा उष्माघात होता. रुग्ण वाचला, पण शरीर थंड करण्याचा मोलाचा पहिला अर्धा तास हातचा गेला. चिठ्ठीतला आकडा खोटा नव्हता. तो काखेतला होता आणि अंग ओल्या फडक्याने पुसल्यानंतरचा होता. तेवढेच लिहायचे राहिले होते.

हवामानशास्त्रज्ञांनी या चुकीवर आपल्या परीने उपाय करून ठेवला आहे. संगणकाने काढलेले अंदाज जगभर 'ग्रिब' नावाच्या स्वरूपात पाठवले जातात. जागतिक हवामान संघटनेने ठरवलेल्या या स्वरूपाची दुसरी आवृत्ती आज प्रचलित आहे. यातला प्रत्येक संदेश 'ग्रिब' या शब्दाच्या चार रोमन अक्षरांनी सुरू होतो आणि ७७७७ या आकड्यांनी संपतो. प्रत्यक्ष आकडे येतात ते सातव्या विभागात. त्याआधी त्यांची ओळख असते : संदेश कोणत्या केंद्राचा, अंदाजाची सुरुवात केव्हाची, कोणत्या अक्षांश-रेखांशांच्या जाळ्यावरचा, कोणती राशी, जमिनीपासून किती उंचीवरची.

ही ओळख मनाला येईल तशी लिहिता येत नाही. तिच्यासाठी क्रमांक दिलेले साचे आहेत, आपल्या केसपेपरसारखे. चौथ्या विभागातला साचा क्रमांक ० एका क्षणाचे मूल्य सांगतो. क्रमांक ८ ठरावीक कालावधीची सरासरी, बेरीज, कमाल किंवा किमान सांगतो. क्रमांक ५ संभाव्यतेसाठी आहे. पावसाचा '७०' हा आकडा घ्या. ते २४ तासांतले मिलिमीटर असतील तर हवामान खात्याच्या भाषेत तो जोरदार पाऊस. तीच पाऊस पडण्याची टक्केवारी असेल, तर किती पडेल याबद्दल ती काहीच सांगत नाही. आकडा एकच, पण साचा बदलला की अर्थ बदलतो.

एककही ठरलेले असते. ग्रिबमध्ये तापमान केल्विनमध्ये असते; आपले ४० अंश सेल्सिअस तिथे ३१३.१५ होतात. वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आणि सर्वांत शिकण्यासारखे म्हणजे, नसलेल्या माहितीसाठीही ठरलेली खूण आहे. आमच्या कागदावर मात्र रिकामी चौकट म्हणजे 'सगळे ठीक' असे खुशाल धरले जाते.

साच्यामुळे अंदाज अचूक होतो असे नाही. चुकीचा अंदाजही नीटनेटक्या साच्यात बसतो. पण तो नेमका कशाबद्दल चुकला, हे निदान तपासता येते.

सामान्य वाचकालाही हे उपयोगी आहे. मोबाइलवर दिसणारे '३९ अंश' हे साधारण दोन मीटर उंचीवरच्या, सावलीतल्या हवेचे तापमान. पत्र्याच्या खोलीचे नव्हे, तापलेल्या डांबराचेही नव्हे. ते दुपारचे कमाल आहे की या घडीचे, हेही पाहावे. रात्रीचे किमान तर आपण बघतच नाही. ते उतरले नाही तर शरीराला विसावा मिळत नाही आणि वृद्धांचे हाल होतात.

माझे म्हणणे सरळ आहे. उष्णतेने आजारी पडलेल्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर पाच गोष्टी छापील चौकटींत असाव्यात : तापमान व त्याचे एकक, मोजण्याची जागा, मोजण्याची वेळ, आधी अंग थंड केले होते का, आणि रुग्ण कुठे काम करत होता. 'मोजले नाही' हीसुद्धा एक चौकट असावी. ओपीडीत रांग लागलेली असताना आणखी एक फॉर्म कोण भरणार, असे सहकारी म्हणतील. मीही म्हणालो असतो. पण पाच चौकटींना मिनिट पुरते, आणि त्या दुपारी आमचा अर्धा तास गेला होता.

अशा नोंदी जमल्या तर त्या हवामानाच्या नोंदींशी जुळवता येतील. कोणत्या गावात, किती तापमानाला आणि कोणते काम करताना माणसे कोसळतात, हे कळेल. मग इशारा त्या गावासाठी, त्या कामाच्या वेळेआधी देता येईल.