कुंडी विरते, धातू विरत नाहीत

भिवंडीच्या यंत्रमागांचा खडखडाट साऱ्या महाराष्ट्राला परिचित आहे. परंतु कापडाच्या धुलाई-रंगाईतून मागे उरणारा गाळ फारसा कोणाच्या खिजगणतीत नसतो. सांडपाणी शुद्ध करूनच सोडावे, असे १९७४ चा जलप्रदूषण कायदा सांगतो आणि ते योग्यच आहे. तथापि पाणी जितके निर्मळ करावे, तितका तळाशी गाळ अधिक साचतो. तो टाकावयाचा कोठे, हा प्रश्न कारखानदाराला खर्चाचा, तर कामवारी नदीच्या काठी राहणाऱ्यांना आरोग्याचा आहे.

या गाळापासून खत आणि मातीत विरणाऱ्या कुंड्या कराव्यात, ही कल्पना म्हणूनच आकर्षक वाटते. ती सर्वस्वी नवी नाही. अमेरिकेतील मिलवॉकी शहर १९२६ पासून सांडपाण्याच्या गाळाचे खत बागांसाठी विकत आले आहे. उलटपक्षी, त्याच देशातील मेन राज्याने २०२२ साली असा गाळ जमिनीवर पसरण्यास बंदी केली. कारण त्यातील चिवट रसायने शेतांत आणि विहिरींत उतरल्याचे आढळून आले. तात्पर्य असे की, गाळ चांगला की वाईट हा प्रश्नच चुकीचा आहे. त्यात काय मिसळले, हा खरा प्रश्न होय.

विणण्यापूर्वी ताण्याच्या सुताला खळ देतात. रंगविण्याआधी ती धुऊन काढावी लागते. ही खळ पिठाची असेल, तर त्या धुण्याच्या पाण्यातला माल सूक्ष्मजीव सहज पचवितात. रंगाच्या हौदातून येणाऱ्या पाण्याची गोष्ट वेगळी. काही रंगांत क्रोमियम, तांबे यांसारखे धातू असतात. दोन्ही पाणी एकाच गटारात सोडले की खतायोग्य गाळही बिघडतो. कुंडीतील तंतू कुजतील. धातू मात्र कुजत नाहीत, ते मातीतच राहतात.

रासायनिक प्रक्रियेतील असा गाळ २०१६ च्या नियमांनी घातक कचऱ्यात गणला असून, तो वापरावयाचा तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. खत नियंत्रण आदेशानेही शहरी कंपोस्टच्या एका किलोत क्रोमियम ५० व शिसे १०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे बंधन घातले आहे. परंतु कुंडी खत म्हणून विकली जात नाही! मातीत मिसळून ती खताच्याच जागी जाते, आणि तरीही खताच्या कसोटीतून निसटू शकते. ही फट बुजविली पाहिजे.

याचा अर्थ हा उद्योग नकोच, असा नव्हे. खळीचे पाणी रंगाच्या पाण्यापासून आरंभीच वेगळे करावे; गाळाच्या प्रत्येक खेपेची तपासणी होऊन तिचा निकाल वेष्टनावर छापावा; कसोटीस न उतरणारा गाळ तळोजासारख्या घातक कचऱ्याच्या केंद्राकडेच जावा. चांगल्या मातीत मिसळून दोष झाकण्यास सक्त मनाई हवी. लहान कारखान्यांना हा खर्च एकट्याने झेपणार नाही, म्हणून सामाईक प्रयोगशाळेचा भार शासनाने व महापालिकेने उचलावा.

गॅलरीतल्या कुंडीत मेथी-कोथिंबीर लावणारी गृहिणी मातीचे पृथक्करण करू शकत नाही. ती वेष्टनावरील शब्दावर विश्वास ठेवते. नदीतला कचरा उचलून तो तिच्या ताटात वाढला, तर त्याला पुनर्वापर नव्हे, स्थलांतर म्हणावे लागेल.